ताठ मान : वाणाची की मातीची?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी चिखलीत, मेहकरात, खामगावात, कुठेही जाऊन बघा. ५५ टक्के मिळवलेला एखादा मुलगा मित्रांच्या खांद्यावर हात टाकून चौकात मिरवत असतो, आणि ९१ टक्केवाली मुलगी मैत्रिणीपेक्षा दोन टक्के कमी पडले म्हणून घरात कोपरा धरून बसलेली असते. पेढ्यालाही हात लावत नाही. मार्कांचा आणि स्वतःबद्दलच्या मताचा काही ताळमेळच लागत नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच यावर एक साधा भागाकार सुचवला होता. माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं हे ठरतं त्याचं यश भागिले त्याची अपेक्षा यावरून. मुलाची अपेक्षा पास होण्याचीच होती, मुलीची ९३ टक्क्यांची. हिशेब सुटला असं वाटतं, पण सुटत नाही. कारण मग प्रश्न येतो की इतकी अपेक्षा एकीच्याच डोक्यात कुठून आली? त्याच घरातला तिचा भाऊ नापास झाला तरी शांत झोपतो. ‘दोन्ही लेकरं माह्याच पोटची, पण एकाचं तोंड दुसऱ्याला नाही,’ असं आया म्हणतात ते काही उगाच नाही.

आपल्या म्हणींनी या वादात दोन्ही बाजूंनी साक्ष दिलेली आहे. ‘खाण तशी माती’ म्हणणारा माणूस रक्ताच्या बाजूचा, आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ म्हणणारा संगतीच्या बाजूचा. गंमत अशी की, एकच आजोबा सकाळी एक म्हण वापरतात आणि संध्याकाळी दुसरी. गेल्या तीस-चाळीस वर्षांत शास्त्रज्ञांनी याच वादाला आकडे लावले. ते आकडे काय सांगतात यापेक्षा काय सांगत नाहीत, हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

आधी मोजायचं काय?

आत्मसन्मान म्हणजे स्वतःच्या लायकीबद्दल स्वतःचं एकूण मत. आत्मविश्वास वेगळा. ट्रॅक्टर चालवण्यात एखाद्याचा हात धरणारा कुणी नसेल आणि तरीही मनातून तो स्वतःला कवडीमोल समजत असेल. अहंकार तर त्याहून वेगळा. अहंकारी माणसाला दुसऱ्यापेक्षा वर असावं लागतं. आत्मसन्मान असलेल्याला आपण ठीक आहोत एवढं पुरतं.

हे मत मोजण्यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाची १९६५ सालची प्रश्नावली. त्यात फक्त दहा विधानं आहेत. पाच स्वतःच्या बाजूची, पाच विरुद्ध. प्रत्येकापुढे चार पर्याय: पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. पाच मिनिटांत काम होतं. पुढे २००५ मध्ये ५३ देशांतल्या जवळजवळ १७ हजार लोकांच्या उत्तरांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक देशाची सरासरी मधल्या रेषेच्या वरच निघाली. म्हणजे जगात बहुतेक माणसं स्वतःला बरी समजतात. मात्र ‘मी कुचकामी आहे’ अशा धाटणीच्या उलट्या विधानांचा अर्थ सगळीकडे सारखा लागत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. आपल्याकडे तर ‘आम्ही काय, साधी माणसं’ हे चांगल्या वळणाचं बोलणं समजतात. देऊळगाव राजाच्या एखाद्या आजीने ‘माझ्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही’ यापुढे खूण केली, म्हणून तिचा आत्मसन्मान कमी असं धरलं तर मोजणाराच फसेल.

जुळ्यांचा हिशेब

वाण आणि संगत वेगळी काढायची तर निसर्गाने स्वतःच एक सोय करून ठेवली आहे: जुळी मुलं. एकाच फलित बीजांडाचे दोन भाग होऊन जन्मलेली जुळी दिसायला हुबेहूब असतात, कारण त्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात. (जनुक म्हणजे शरीर घडवण्याची सूचना. ती आईबापांकडून प्रत्येकी निम्मी येते.) दोन वेगळ्या बीजांडांतून झालेली जुळी एकाच वेळी जन्मली तरी एरवीच्या भावंडांइतकीच, म्हणजे सरासरी निम्मी सारखी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वयाची, एकाच आईच्या हाताखाली वाढतात. घरामुळेच सगळं ठरत असेल, तर दोन्ही जोड्या सारख्याच जुळायला हव्यात. हुबेहूब जुळ्यांचे आत्मसन्मानाचे गुण एकमेकांच्या जास्त जवळ आले, तर त्या जादा जवळिकीचं श्रेय जनुकांकडे जातं.

> चौकट : हिशेब असा मांडतात
> दोघांचे गुण किती जुळतात ते ० ते १ मध्ये मोजतात. समजा हुबेहूब जुळ्यांत जुळणी ०.४० आली आणि वेगळ्या जुळ्यांत ०.२०.
> फरक ०.२०. जनुकांच्या सारखेपणातला फरक निम्म्याचा, म्हणून या फरकाची दुप्पट करायची: ०.४०. हा जनुकांचा वाटा, म्हणजे आनुवंशिकता ४० टक्के.
> हुबेहूब जुळ्यांची जुळणीही ०.४० च होती. ती सगळी जनुकांतच संपली. एका घरात वाढल्यामुळे आलेला सारखेपणा: शून्य.
> उरलेले ६० टक्के म्हणजे जनुकं सारखी, घर सारखं असूनही दोघांत पडलेला फरक. मोजण्यातल्या चुकाही यातच येतात.

चौकटीतले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण खऱ्या अभ्यासांचं चित्र फारसं वेगळं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जुळ्यांच्या १९९८ च्या अभ्यासात आनुवंशिकता स्त्रियांत ३२ आणि पुरुषांत २९ टक्के निघाली. अशा अनेक अभ्यासांचा २००२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा जनुकांचा वाटा ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, एकत्र घराचा वाटा नगण्य आणि सगळ्यात मोठा वाटा प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र अनुभवांचा, असं दिसलं.

इथे वर्तमानपत्राचा मथळा तयार होतो: ‘तुमचा आत्मसन्मान ४० टक्के जन्मजात!’ हा मथळा चूक आहे. थोडा नव्हे, मुळातून चूक. का, ते शेताच्या बांधावर उभं राहिलं की चटकन कळतं.

एक पिशवी बी, दोन शेतं

आनुवंशिकतेचा आकडा समजावण्यासाठी रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये बियाण्याचं उदाहरण दिलं होतं. ते आपण बुलढाण्यात आणू. या जिल्ह्याचे दोन भाग लहान मूलही सांगतं: घाटावर आणि घाटाखाली. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि तिथला खारपाणपट्टा.

एका शेतकऱ्याकडे गावरान बियाण्याची पिशवी आहे. संकरित नाही, सरमिसळ. पिशवी नीट कालवून त्याने निम्मं बी काळ्या कसदार रानात पेरलं. पाणी, खत, निंदण सगळ्या तासांना अगदी सारखं. पीक उभं राहिलं तेव्हा काही झाडं उंच, काही ठेंगणी. जमीन, पाणी, खत सारखंच असल्यामुळे हा फरक बियाण्याचाच. या शेतापुरती आनुवंशिकता १०० टक्के.

उरलेलं निम्मं बी त्याने मुरमाड बरडावर टाकलं, तिथेही सगळ्या तासांना सारखंच, पण सारखंच कमी. तिथेही उंच-ठेंगणी झाडं आली आणि तिथेही आतला फरक १०० टक्के बियाण्याचा. पण सगळं पीकच खुरटलं. आता दोन शेतांमधला फरक कशाचा? पिशवी तर एकच होती. हा फरक १०० टक्के जमिनीचा.

म्हणजे आनुवंशिकतेचा आकडा एका जमावातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो. दोन जमावांतल्या फरकाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. एकट्या माणसाबद्दलही नाही. एका झाडाला २० बोंडं लागली तर त्यातली आठ बियाण्याची आणि बारा पावसाची, असं म्हणता येईल का? पाऊस नसता तर बियाण्याने एकही दिलं नसतं, आणि बी नसतं तर पाऊस नुसता वाहून गेला असता.

हा आकडा कायमचाही नसतो. फिनलंडमधल्या जुळ्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. चौदाव्या वर्षी आनुवंशिकता मुलग्यांत ६२ आणि मुलींत ४० टक्के होती. त्याच मुलांची सतराव्या वर्षी पुन्हा मोजणी झाली तेव्हा ती ४८ आणि २९ वर आली. तीन वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. बदललं होतं भोवतालचं जग: नवी संगत, नव्या तुलना.

असे बहुतेक अभ्यास अमेरिका, फिनलंड, जपान यांसारख्या देशांत झाले आहेत. तिथे बहुतेक मुलांना पोटभर जेवण, शाळा आणि दवाखाना मिळतो. जमीन जवळजवळ सारखी असली की फरक बियाण्याचाच दिसणार. जिथे एका मुलाला शिकवणीसाठी कोटा गाठता येतं आणि दुसऱ्याला दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जावं लागतं, तिथे तो आकडा उचलून आणून चिकटवणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

‘आत्मसन्मानाचं जनुक’

असं काही नसतं. पण २०११ मध्ये ते सापडल्याची हवा झाली होती. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, आपुलकीशी जोडलं जातं. ते मेंदूतल्या पेशींना जिथे चिकटतं, ती जागा घडवणाऱ्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांचा आत्मसन्मान आणि आशावाद कमी असतो, असं कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांडलं. पाहणी ३२६ जणांची होती. पुढच्याच वर्षी परिचारिकांच्या एका कितीतरी मोठ्या अभ्यासात हे जनुक आणि आशावाद यांचा संबंध तपासला गेला आणि तो दिसलाच नाही. नैराश्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं गाजलेल्या १८ जनुकांचीही २०१९ मध्ये अशीच वासलात लागली.

आजची समजूत अशी की, स्वभावावर हजारो जनुकांचा परिणाम होतो आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यातलं एकही ‘आत्मसन्मान’ घडवत नाही. जनुकं घडवतात ती प्रथिनं. त्यांमुळे मेंदूचे काही भाग किंचित जास्त किंवा कमी सावध होतात. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास आणले. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडून रडली. पुढे यांतली बरीचशी बुजरी निघाली, पण सगळी नाही. वाण इतकंच काम करतं. बाळ लवकर दचकतं, पटकन दुखावतं. दुखावलेल्या मुलाने स्वतःबद्दल काय मत बनवायचं, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठरतं.

बुलढाण्याची एक लेक

ही दहा-पंधरा वर्षं कशी काम करतात याचं एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० चा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, आणि सत्यशोधक समाजाचे. घरात चार भाऊ, मुलगी एकच. वडिलांनी तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. मुलीला अक्षर ओळखू येणं हीच बातमी ठरावी असा तो काळ. सुरतेत १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. त्यावर ‘पुणे वैभव’ या पत्राने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी उत्तर म्हणून ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. स्वतःची आणि आपल्या जातीची, म्हणजे स्त्रीजातीची, किंमत कमी धरायला साफ नकार देणारं असं पुस्तक त्या काळात दुसरं सापडणं कठीण.

वाण की माती? दोन्ही एकमेकांत कशी गुंततात ते बघा. ज्या बापाकडून जनुकं आली त्याच बापाकडून पुस्तकंही आली. दोन्ही एकाच वाटेने घरात शिरली, ती वेगळी कशी काढणार? शास्त्रज्ञ याला जनुक-परिस्थितीची सांगड म्हणतात, आणि तिचा हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार: हुशार, धीट मूल समोरच्याकडून जास्त शिकवणं काढून घेतं. शिक्षक त्यालाच पुन्हा प्रश्न विचारतात, आणि बुजरं मूल मागच्या बाकावर आपोआप विसरलं जातं. तिसरा: मोठं होताना माणूस आपल्या स्वभावाला मानवेल असं वातावरण स्वतःच शोधतो. वऱ्हाडातल्या आडगावी बसून सुरतेच्या खटल्याची आणि पुण्याच्या पत्राची खबर ठेवणं आणि उत्तर छापायला देणं, हे या तिसऱ्यातच बसतं.

पण मातीची ताकद पुढेच दिसते. पुस्तकावर टीका झाली, टवाळी झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, तरी त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं. लिहिणारी तीच, वाण तेच. ऐकणारं जग नसलं की ताठ मानेचा आवाजही ९३ वर्षं दाबला जातो.

एका छपराखाली दोन घरं

आता राहिलेलं कोडं: जुळ्यांच्या हिशेबात घराचा वाटा शून्याच्या आसपास कसा? आईबापांनी केलं ते सगळं वाया? नाही. शून्य येतो तो भावंडांना *सारखं* करणाऱ्या भागाचा. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मध्ये हा प्रश्न मांडला आणि त्याचं उत्तर आपल्याला घरोघरी दिसतं. थोरल्याच्या वेळी बापाचं शेत पिकत होतं, धाकट्याच्या वेळी कर्ज झालं होतं. थोरल्याला घर शाबासकी देणारं भेटलं. धाकट्याला ‘दादाकडे बघ जरा’ म्हणणारं. एकीला चौथीत जीव लावणाऱ्या बाई मिळाल्या, दुसरीला त्याच वर्गात छडी मिळाली. छप्पर एक, घरं दोन.

कौतुकाचं मात्र जरा जपून. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवायला चक्क सरकारी समिती नेमली होती. पुढे २००३ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की नुसता आत्मसन्मान फुगवून मार्क वाढत नाहीत. नेदरलँड्समधल्या ७ ते १२ वयाच्या ५६५ मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, तो तर प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा असा. ‘आमचं पोरगं सगळ्यांपेक्षा खास’ असं मानणाऱ्या आईबापांची मुलं पुढे आत्मकेंद्री होत गेली. ज्यांना आईबापांची माया जाणवत होती त्यांचा आत्मसन्मान वाढला. माया हवी, मखर नको.

आणि पंधराव्या वर्षी जे आहे ते शेवटचं नसतं. जगभरच्या १,६४,००० हून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला आलेख सांगतो की, ११ ते १५ या वयात आत्मसन्मान जिथल्या तिथे राहतो, मग तिशीपर्यंत झपाट्याने चढतो आणि साठीला सर्वांत वर असतो. कॉलेजातल्या नातवापेक्षा गावातल्या पारावरचे आजोबा स्वतःशी जास्त समाधानी असतात, ते उगाच नाही.

मोठ्याने वाचलेली यादी

शेवटचा प्रयोग आपल्याच देशातला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात कुणी विचारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांनी जवळजवळ सारखेच सोडवले. मग वेगळ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. एवढ्यानेच दलित मुलांची कामगिरी घसरली. हा प्रयोग आत्मसन्मान मोजत नव्हता, कामगिरी मोजत होता. पण जग आपल्याला काय समजतं याची आठवण डोक्यात काय करते, ते त्यात उघड दिसतं. मुलांची जनुकं त्या अर्ध्या मिनिटात तीच होती.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. वर्गात प्रवर्गनिहाय शिष्यवृत्तीची यादी येते. ‘अमक्या प्रवर्गाचे उभे राहा’ असं म्हणून ती चाळीस मुलांसमोर वाचू नका. नावं टिपून घ्या, मधल्या सुटीत एकेकाला ऑफिसात बोलवा, कागद तपासा, सही घ्या. याला पैसा लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, शासनाचा नवा आदेशही लागत नाही.